आज कोणता गुडघा?

सेटवर आल्या आल्या अक्का पहिला प्रश्न विचारायच्या, "आज कोणता गुडघा?"

नवा माणूस चक्रावून जायचा. आमच्या दिग्दर्शक पोरानं पहिल्याच दिवशी उलट विचारलं, "गुडघ्याचा काय संबंध अक्का? सीन तर भांडणाचा आहे." अक्कांनी त्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "अरे बाबा, म्हातारी भांडायला उठणार ना? उठताना हात कुठे टेकवेल? डावा गुडघा दुखत असेल तर एक तऱ्हा, उजवा दुखत असेल तर दुसरी. ते ठरल्याशिवाय मी सुनेला शिवी कशी देऊ?" पोरगा घाबरून म्हणाला, "डावा." झालं! तेव्हापासून आमच्याकडे आधी गुडघा ठरायचा, मग संवाद.

आणि संवादांचं तर विचारूच नका. कागद त्या हातात धरायच्या नाहीत. कुणीतरी एकदा मोठ्यानं वाचायचं, त्या डोळे मिटून ऐकायच्या, आणि डोळे उघडले की सगळं पाठ. नुसतं पाठ नाही, वाचणारा जिथे अडखळला तिथे त्याही अडखळायच्या! दिग्दर्शक म्हणायचा, "अक्का, तिथे थांबायचं नाहीये." त्या म्हणायच्या, "मला काय माहीत, तू थांबलास म्हणून मी थांबले. कानात गेलं ते तसंच बाहेर येतं माझ्या." हे लक्षात ठेवा. पुढे ह्याच गोष्टीनं आम्हाला सगळ्यांना जागच्या जागी खिळवून टाकलं होतं.

मी कॅमेरावाला. म्हणजे आधी लग्नाचा शूटिंगवाला. धुळ्याच्या गल्ल्यांत नवरदेवाच्या घोड्यापुढे उलटं चालून चालून माझी अर्धी उमर गेली. मग मोबाइलवर अहिराणी विनोदी व्हिडिओंचं पीक आलं. एका चॅनेलवाल्या पोरानं मला बोलावलं. सासू-सुनेच्या भांडणांची मालिका होती, आणि सासूचं काम करणारीचं नाव ऐकून मी उडालोच! कारण अक्का म्हणजे आमच्या गल्लीतल्या सलूनमध्ये आरशाच्या वर वर्षानुवर्षं लटकलेला गुलाबी फोटो. मान तिरकी, ओठांजवळ गुलाबाचं फूल. माझे वडील दाढीला बसले की न्हावी म्हणायचा, "आबा, मान सरळ ठेवा," पण आबांची मान काही त्या फोटोवरून हलायची नाही. एकदा हनुवटी चांगलीच कापली. ती खूण सायकलवरून पडल्याची आहे, असं त्यांनी आईला जन्मभर सांगितलं.

तर ती गुलाबाच्या फुलाची बाई माझ्यासमोर आली ती लंगडत. अंगावर विटकं लुगडं, तोंडाचं बोळकं. कवळी त्या पितळी पानडब्यात ठेवायच्या, सुपारीच्या खणात. कॅमेरा सुरू होण्याआधी दात काढून डब्यात, काम संपलं की डब्यातून तोंडात. लंगडणं खरं वाटावं म्हणून चपलेत एक खडा घातलेला असायचा. तो काढायला विसरून त्या तशाच लंगडत घरी जायच्या आणि दुसऱ्या दिवशी रिक्षावाल्यानं पैसे घेतले नाहीत म्हणून खूश होऊन सांगायच्या.

लुगडीही त्यांची साधी नव्हती. बाजारात एखादी म्हातारी दिसली आणि तिच्या अंगावरचं लुगडं मनात भरलं की संपलं. तिच्यामागे तिच्या घरापर्यंत जायच्या, नवं कोरं लुगडं हातात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "हे घ्या, ते द्या." म्हाताऱ्यांना आधी वाटायचं, बाई डोक्यानं गेलेली आहे. पण अक्का समजावून सांगायच्या, "तुमच्या लुगड्याला मांडीवर हात पुसल्याचा डाग आहे ना, तो मला पाहिजे. नव्या लुगड्यावर तो आणायला मला वीस वर्षं लागतील."

मेकअपला सलीमभाई होते, आणि अक्का-सलीमभाईंची रोजची जुंपायची. तरुणपणी सलीमभाई टॉकिजचे बोर्ड रंगवायचे. धुळ्याच्या टॉकिजवर अक्कांचा पुरुषभर उंचीचा चेहरा त्यांनीच रंगवला होता, गाल गुलाबी, डोळे वाटोळे. त्या बोर्डाचा मोह त्यांना सुटला नव्हता. ब्रश हातात आला की तो आपोआप सुरकुत्या बुजवायला लागायचा. अक्का मनगट धरायच्या. "सलीमभाई, काय करताय?" "थोडी सफाई अक्का, थोडी सफाई." "सफाई घरी करा. इथे जे आहे ते दिसू द्या." सलीमभाई कळवळून म्हणायचे, "अल्लानं एवढा नक्शा दिला, आणि तुम्ही त्याच्यावर राख फासायला सांगता!" अक्का म्हणायच्या, "त्या नक्शाची फार वर्षं नोकरी केली मी. आता तो माझी करतोय."

ही नोकरी कशी सुटली तेही त्या हसत हसत सांगायच्या. पस्तिशी उलटली आणि एका निर्मात्यानं हिरोच्या आईचं काम पुढे केलं. हिरो कोण, तर ज्याच्याबरोबर त्या दोनच वर्षांपूर्वी झाडांभोवती पळाल्या होत्या तोच. बाकीच्या नट्या असल्या कामाला नाक मुरडायच्या. अक्कांनी हो म्हटलं, पोटासाठी. "त्याचं डोकं मांडीवर घेऊन 'बाळा' म्हणायचं होतं. तो बाळ माझ्यापेक्षा मोठा! मला हसू आवरेना, त्याला रडू आवरेना. पण सिनेमा लागला आणि गंमत झाली रे. हिरॉइन होते तेव्हा लोक माझ्याकडे बघायचे. म्हातारी झाले तशी माझ्याशी बोलायला लागले."

मग त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मोलकरीण, भिकारीण, केस उतरवलेली विधवा, खोकून खोकून मरणारी आजी. विधवेच्या कामासाठी खरंच डोकं भादरून घेतलं. ज्या वयात नट्या दिवा विझवून आरशासमोर बसतात, त्या वयात ह्या बाईला गावोगावच्या बायका रस्त्यात थांबवून गाऱ्हाणी सांगायला लागल्या. मुंबईतलं काम आटलं तशा त्या धुळ्याला आल्या, देवपूरला दोन खोल्या घेतल्या, आणि पिकलेल्या वयात आमच्या मोबाइलच्या व्हिडिओंनी पुन्हा स्टार झाल्या. आणि काय स्टार! एकदा पाचकंदीलच्या बाजारात भाजी घ्यायला गेल्या, तर वांगी विकणारीनं पाटीवर फडकं टाकलं. "तुले नही देवाव! सूनले उपाशी ठेवस, नि सोता भरीत खास?" अक्का आनंदानं वेड्या व्हायच्या बाकी राहिल्या. आठ दिवस तोच विषय! शेवटी त्या भाजीवालीला सेटवर घेऊन आल्या आणि तिच्याकडून तेच वाक्य कॅमेऱ्यासमोर वदवून घेतलं. ही त्यांची खोडच होती. कधी एसटीचा कंडक्टर, कधी दळण घेऊन चाललेली बाई, कुणालाही न सांगता उचलून आणायच्या आणि सीनमध्ये बसवायच्या. आम्ही तक्रार करणंच सोडून दिलं होतं.

जळगावला एका सत्कारात एका पोरीनं त्यांच्याबरोबर सेल्फी काढला. मोबाइलमध्ये ते चेहरा गुळगुळीत करणारं काहीतरी चालू होतं. अक्कांनी फोटो पाहिला, चष्मा लावून पुन्हा पाहिला. "ही कोण गं?" पोरगी म्हणाली, "तुम्हीच, अक्का." "माझ्या रेघा कुठे गेल्या? परत लाव त्या. एकेक कमवलीय मी." पोरीला ते बंद कसं करायचं कळेना. अक्का व्यासपीठावरून हलेनात, हार घालणारे पाहुणे हार धरून उभे. रेघा परत आल्या तेव्हाच त्यांनी गळा पुढे केला.

एवढी हसतमुख बाई, पण दोन गोष्टी त्यांच्यापुढे काढायची सोय नव्हती.

एक म्हणजे केळी. खानदेशात राहून केळं न खाणारा माणूस तुम्ही पाहिलाय? अक्का शिवायच्या नाहीत. गाडीनं भुसावळकडे शूटिंगला निघालो आणि फैजपूरच्या बाजूच्या केळीच्या बागा दिसायला लागल्या, की त्या खिडकीचा पडदा ओढून झोपल्याचं सोंग घ्यायच्या. एवढी मोठी नटी, पण ते सोंग काही त्यांना जमायचं नाही.

दुसरी आखाजी. अक्षय्य तृतीया म्हणजे आमच्याकडे दिवाळीपेक्षा मोठा सण. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, घरोघरी सांजोऱ्या तळतात. अशा दिवशी अक्कांना काम पाहिजे असायचं. "आखाजीला शूटिंग लाव, नाहीतर मी दुसऱ्या चॅनेलला जाते," अशी दरवर्षी धमकी. सगळे कलाकार कुरकुरायचे. मी एकदा न राहवून कारण विचारलं. खडा काढायला वाकल्या होत्या, तशाच वाकून म्हणाल्या, "त्या दिवशी घरी बसले की दारावरची प्रत्येक टकटक मुराळ्याची वाटते. माहेराहून घ्यायला कोण येणार मला? मी नाटक कंपनीत गेले तेव्हा बापानं माझ्या नावानं आंघोळ केली. गावाला सांगितलं, पोरगी मेली. तिकडे, यावल तालुक्यात." एवढं बोलून त्यांनी चप्पल घातली आणि लंगडायला लागल्या.

आता ती गोष्ट.

होळी नुकतीच झाली होती, दोंडाईच्याच्या अलीकडे एका खेड्यात आमचं शूटिंग होतं. मालिकेतली सासू मरते, असा भाग. गावाच्या सुरुवातीलाच रस्त्याला लागून घर, अंगणात तिरडी, भोवती रोजानं आणलेल्या गावातल्या बायका. त्यातली एक सारखी घाई करत होती. "माले लवकर सोडा भाऊ. पुढला गावले मयत व्हयेल शे, माले तठे जानं शे." म्हणजे आधी इथे खोटं रडायचं आणि मग तिथे खरं!

दिग्दर्शकाचा विचार होता की माहेरची माणसं येऊन म्हातारीच्या अंगावर शेवटचं लुगडं टाकतात, तेही दाखवावं. बाई गेली की माहेरचं लुगडं पडल्याशिवाय तिरडी उचलत नाहीत, ही आपली रीत. अक्का एकदम म्हणाल्या, "नको. ह्या म्हातारीला माहेर नाही." पोरगा म्हणाला, "अक्का, बायका रडतील बघताना." "रडू देत दुसऱ्या कशानं तरी. ते काढ." आवाज असा होता की त्यानं मुकाट्यानं काढलं.

अक्का तिरडीवर आडव्या झाल्या. नाकात कापूस, तोंडात तुळस. उन्हानं रंग ओघळायला लागला म्हणून सलीमभाईंनी तोंडावरून पदर ओढून घेतला, शॉटच्या वेळी काढायचा म्हणून. मी आणि दिग्दर्शक आत खोलीत, खिडकीला कॅमेरा लावून. अंगणातून पाहिलं तर कॅमेरा दिसू नये अशी जागा धरली होती. आणि तेवढ्यात रस्त्यावर एक टेम्पो थांबला.

टेम्पोतून पाच-सात बायका उतरल्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या, आणि अंगणाच्या टोकापासूनच त्यांनी जो हेल काढला! मागून एक म्हातारा, टोपी हातात, काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी. दिग्दर्शकानं माझ्याकडे वळून डोळे मिचकावले. "अक्कांनी आणली माणसं! बघ, मला नको म्हणाल्या आणि स्वतःच सोय केली. चालू ठेव, चालू ठेव!" अंगणातल्या बायकांना वाटलं, हे जळगावकडचे मोठे कलाकार असतील. त्यांनी सरकून जागा दिली आणि त्याही इरेला पेटून रडायला लागल्या. मी रेकॉर्ड दाबलं.

म्हाताऱ्यानं कागद सोडला. हिरवं लुगडं होतं, नवं. त्यानं ते अक्कांच्या अंगावर पसरलं आणि पायाशी बसला. आणि बोलायला लागला.

"बह्यन वं, मी आलो. लय उशीर केला मी. तुही पोरगी सून करून घेतली नाही, तं तू माह्या दारात यायचं सोडलं. तुह्या जागी तू बरोबर व्हती. पण मी तं भाऊ व्हतो ना? घ्यायले मी यायले पाह्यजे व्हतं. दर आखाजीले तुही वहिनी सांजोऱ्या बाजूले काढून ठेवे, अन् मी म्हणे, ती येत नाही तं मी काह्यले जाऊ? तू दारात बसून वाट पाह्यली असशील वं..." इथे त्याला हुंदका आला. मग म्हणाला, "आता कोणाले आणू मी आखाजीले?"

ही बोली आमच्या धुळ्याकडची नव्हे. ही केळीच्या पट्ट्यातली, यावल-फैजपूरकडची. हा माणूस नाटक करत नव्हता! आम्हाला दोघांनाही कळलं होतं की हे लोक पुढच्या गावाला निघालेले आहेत, तिरडी बघून चुकीच्या अंगणात शिरलेत. आणि लुगड्याखाली अक्का जिवंत! उठाव्यात तर म्हाताऱ्याचं काळीज बंद पडेल. न उठाव्यात तर तो त्यांना उचलून स्मशानात नेईल. मी कॅमेऱ्यातून त्या हिरव्या लुगड्याकडे बघत होतो. ते जराही हलत नव्हतं. बाईनं श्वास कुठे कोंडून ठेवला होता कोण जाणे.

म्हातारा बोलायचा थांबला. त्यानं अक्कांच्या पावलांवर कपाळ टेकवलं. तेव्हा लुगड्याखालून अगदी हळू, पण स्वच्छ आवाज आला. तोंडातली तुळस कधी काढली होती देव जाणे.

"भाऊ, भिऊ नका. मी मेलेली नाही, अन् तुमची बह्यन बी नाही. तुम्ही चुकीच्या दारात आले. तुमची बह्यन पुढच्या गावात आहे. ती अजून तुमची वाट पाह्यते."

हेल काढणाऱ्या बायका कुंपणापर्यंत पळाल्या! एकीची चप्पल अंगणात राहिली. अक्का उठून बसल्या, नाकातला कापूस काढला, आणि कुंपणाजवळून एक तरुण सून किंचाळली, "अवो माय, ही तं मोबाइलमधली सासू!" म्हातारा मात्र जागचा हलला नाही. तो अक्कांकडे बघत होता आणि अक्का त्याच्याकडे. मला धक्का बसला तो निराळाच. इतक्या वर्षांत अक्कांना अहिराणी बोलताना ऐकलं होतं, मुंबईची मराठी ऐकली होती. पण ही बोली त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकली. ती त्यांची माहेरची होती.

अक्कांनी लुगड्याची घडी घातली, सलीमभाईंकडून फडकं घेऊन तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "चला." आम्हाला कुणी विचारलं नाही, पण आम्हीही गाडी काढून मागे निघालो.

पुढच्या गावात तिरडी तयार होती, फक्त माहेरच्या लुगड्यासाठी खोळंबली होती. मामा आला हे पाहून भाचे बाजूला झाले, पण कुणी बोललं नाही. म्हाताऱ्यानं लुगडं बहिणीच्या अंगावर टाकलं. पायाशी बसला. आणि तोंड उघडेना. ओठ नुसते हलत होते. सगळं अंगण त्याच्याकडे बघत होतं, भाचे बघत होते. त्यानं असहाय होऊन अक्कांकडे पाहिलं. "बाई, माह्यं सांगून झालं. आता मले निघत नाही."

अक्का त्याच्याशेजारी बसल्या. मेलेल्या बाईच्या कानाजवळ वाकल्या. आणि म्हणाल्या, "बह्यन वं, मी आलो. लय उशीर केला मी..."

शब्दन् शब्द! एकदाच ऐकलेलं. तीच बोली, तोच क्रम, सांजोऱ्या बाजूला काढलेल्या, काह्यले जाऊ, सगळं. हुंदका आला होता तिथे त्या तेवढ्याच थांबल्या. आवाज चढवला नाही, हात हलवला नाही, चेहराही कुणाला दिसत नव्हता. मी ह्या बाईची शेकडो कामं माझ्या कॅमेऱ्यात घेतली आहेत, पण असं काम मी ह्या जन्मी पुन्हा बघणार नाही. "आता कोणाले आणू मी आखाजीले," एवढं म्हणून त्या थांबल्या, तसा थोरला भाचा मामाच्या गळ्यात पडला आणि मोठ्यानं रडायला लागला. मी रडत होतो. सलीमभाई तर केव्हाचे रडत होते.

तिरडी उठल्यावर म्हाताऱ्यानं विचारलं, "बाई, तुमचं गाव कोणतं?" अक्कांनी नाव सांगितलं. "म्हणजे आमच्या नदीपल्याडचं! कोणाची तुम्ही?" "कोणाचीच नाही. त्यांनी माझ्या नावानं आंघोळ केली, त्याला जन्म लोटला." म्हाताऱ्यानं टोपी डोक्यावर घातली आणि टेम्पोत जाऊन बसला.

परतताना गाडीत दिग्दर्शकाचा जीव तळमळत होता. "अक्का, ते पहिलं सगळं रेकॉर्ड झालंय. असं दृश्य..." अक्का मागे न बघता मला म्हणाल्या, "पूस ते. ज्या कानात जायचं होतं त्या कानात गेलं." मी गाडीतच पुसलं. पोरानं दोन दिवस अन्न सोडलं, पण अडवलं नाही.

आणि मग आखाजी आली. अक्कांच्या हुकमानं शूटिंग देवपूरलाच होतं. सीनही काय निघावा? सुनेला माहेरी न्यायला भाऊ आलाय आणि सासू तिला जाऊ देत नाही! गुडघा ठरला होता, उजवा. चपलेत खडा गेला होता, दात डब्यात गेले होते. अक्का दारात आडवे हात लावून उभ्या राहिल्या, तोच गेटाशी एक जीप थांबली. उतरला तो म्हातारा. धुवट टोपी, हातात पिकल्या केळ्यांची फणी. ह्या वेळी मी रेकॉर्ड दाबलं नाही.

तो सरळ आत आला, कुणाकडे न बघता. "चाल बह्यन. घ्यायले आलो."

अक्कांचे दाराला लावलेले हात तसेच राहिले. मोठ्यानं म्हणाल्या, "कुठे?" खरं तर त्यांना कळलं होतं.

"घरी. वहिनीनं सांजोऱ्या केल्या. झोका बांधला."

"मी नाटक-सिनेमावाली आहे भाऊ. तुमच्या घरात मला कोण ओळखतं?"

"सारेच ओयखतात! नातसुना तं तुह्याच नावानं सासूले भितात. त्या म्हणे, येऊ द्या, पण आमच्या चुलीपाशी बसू देऊ नका." म्हातारा हसला. मग फणी पुढे करून म्हणाला, "एकीले आणायचं राहून गेलं माह्याकडून. दुसरीले राहू द्यायचं नाही मले."

अक्कांनी एक केळं तोडलं. सोललं. दात डब्यात होते, तरी हिरड्यांनीच खाल्लं, सावकाश, सगळं. डोळ्यांतून पाणी गालावरच्या रेघांमधून वाहत होतं आणि त्या पुसत नव्हत्या. सलीमभाई ब्रश घेऊन धावले आणि अर्ध्यावरच थांबले, बुजवण्यासारखं काही नव्हतं.

दिग्दर्शक चाचरत म्हणाला, "अक्का, सीन?" अक्कांनी डब्यातून कवळी काढून तोंडात बसवली. "सून माहेरी गेली. सासूही गेली. पॅकअप!"

त्यांनी चप्पल काढून झटकली. खडा अंगणात घरंगळला. मला वाटलं, आता ही बाई ताठ चालत निघणार, फोटोतल्यासारखी मान तिरकी करून. पण दोन पावलं टाकली आणि त्या थांबल्या. पुन्हा टाकली, पुन्हा थांबल्या. अशी चाल त्यांनी कुठल्याच म्हातारीला दिली नव्हती. मी ओरडलो, "अक्का, आज कोणता गुडघा?"

त्या वळल्या. सासरहून आलेली लेक दारातच पिशवी टाकून मोकळेपणानं बोलते ना, तशा म्हणाल्या, "माझेच रे, दोन्ही! कधीचे दुखतात मेले!"

आणि भावानं पुढे केलेल्या हातावर सगळा भार टाकून त्या जीपमध्ये चढल्या.